फाशीची लस मेंढरांना मिळते, मग मेंढपाळाला का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या वाड्यातल्या चार मेंढ्या दोन दिवसांत गेल्या, नाकातोंडातून काळपट रक्त आलं, पशुवैद्यकांनी कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेऊन तपासलं आणि फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असल्याचं सांगितलं. ताप असलेल्या मेंढ्यांना पेनिसिलिन दिलं, बाकीच्या कळपाला लस टोचली. पेनिसिलिन दिलेल्या मेंढ्यांना मात्र ‘दोन आठवड्यांनी बघू’ म्हणाले. तुम्ही मायक्रोबायॉलॉजी शिकता, पाश्चरची १८८१ ची लस तुम्हाला माहीत आहे. म्हणून विचारता की औषध आणि लस एकाच दिवशी का नाही, घरच्या माणसांना लस का नाही, आणि एवढ्या वर्षांत संशोधन कुठवर आलं.

बाकीचं सांगण्याआधी एक तातडीची गोष्ट. मेलेल्या मेंढ्या ज्यांनी उचलल्या, ओढल्या, त्यांचे हात, मान आणि चेहरा रोज बघा. खाजणारी पुळी येते, तिचा फोड होतो, भोवती सूज चढते आणि मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते. हीच काळपुळी. ती दुखत नाही, आणि तिथंच माणूस फसतो. किडा चावला असेल म्हणून अंगावर काढतो. असं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि ‘आमच्याकडे फाशीनं मेंढ्या मेल्या आहेत’ हे वाक्य आपणहून सांगा. शहरातल्या तरुण डॉक्टरांनी हा आजार बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो. उपचार न मिळालेल्या काळपुळीत दहा ते वीस टक्के माणसं दगावतात. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर मृत्यू जवळजवळ होतच नाही.

आता औषध आणि लस. तुमच्या पशुवैद्यकांनी केलं ते बरोबर केलं. मी हे ठामपणे सांगतो, कारण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी नेमकं उलट केलं होतं. एका वस्तीवर तीन जनावरं मेली, लोक घाबरलेले, मीही घाबरलेलो. सगळ्या जनावरांना लांब पल्ल्याचं पेनिसिलिन दिलं आणि पुन्हा एवढ्या लांब यायला नको म्हणून त्याच दिवशी लसही टोचून टाकली. आठवडाभर एकही जनावर मेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मरू लागली, आणि त्यात लस दिलेली जनावरं होती. त्या घरातल्या म्हातारीनं मला विचारलं, “डॉक्टर, सुई तर तुम्हीच मारली होती ना?” चूक माझी होती. फाशीची जनावरांची लस जिवंत असते. तिच्यातले बीजाणू, म्हणजे जंतूंची टणक कवचातली झोपलेली रूपं, टोचल्या जागी रुजतात, थोडे वाढतात, आणि त्या वाढीतूनच शरीराला ओळख पटते. अंगात पेनिसिलिन असेल तर ते लसीच्या जंतूंनाही मारतं. लस टोचल्याची नोंद राहते, संरक्षण मात्र तयार होत नाही.

ही लस आली कुठून, हे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. पाश्चरचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो: पुयी-ल-फोर हे फ्रान्समधलं गाव, मे १८८१, लस दिलेल्या आणि न दिलेल्या मेंढ्या, मग सगळ्यांना जहाल जंतू टोचले. २ जूनला लोक जमले तेव्हा लस नसलेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या, आणि लस दिलेल्या चरत होत्या. फारसं सांगितलं जात नाही ते असं की त्या दिवशी वापरलेली लस शाम्बरलाँ या सहकाऱ्यानं पोटॅशियम डायक्रोमेटनं जंतू दुबळे करून बनवली होती, आणि पाश्चर जाहीरपणे आपल्या हवा-उष्णतेच्या पद्धतीबद्दल बोलत राहिले. रसायनानं जंतू दुबळे करण्याचा मार्ग तूलूझचे पशुवैद्यक तूसँ यांनी आधी दाखवला होता. मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे तूसँचं नाव गाळलं गेलं की मला वाईट वाटतं.

पाश्चरची पुढं वापरात आलेली लस ४२-४३ अंश उष्णतेत वाढवलेल्या जंतूंची होती. ती चालली, पण लहरी निघाली. कधी जोर कमी पडायचा, कधी लसच जनावर मारायची. का, ते उमगायला शंभर वर्षं लागली. फाशीच्या जंतूकडे दोन प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळी असलेली डीएनएची छोटी कडी, असतात. एकावर विष बनवण्याची जनुकं, दुसऱ्यावर जंतूभोवतीचं कवच बनवण्याची. १९८० च्या दशकात कळलं की त्या उष्णतेत विषाचं प्लाझ्मिड गळून पडतं. म्हणजे पाश्चरच्या लसीत कवच शाबूत आणि विष गेलेलं असे जंतू साचत जायचे, आणि संरक्षण मिळायचं ते त्यात उरलेल्या थोड्या विष बनवणाऱ्या जंतूंमुळे, असं आता मानलं जातं. ते किती उरतील, यावर कोणाचाच ताबा नव्हता.

मॅक्स स्टर्न यांनी १९३७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ऑन्डरस्टेपोर्ट इथं याच्या नेमकं उलट केलं. सीरम घातलेल्या माध्यमावर, कार्बन डायऑक्साइड भरपूर असताना जंतू वाढवले की कवचवाले जंतू चिकट, लिबलिबीत दिसतात. अशा वसाहतींच्या कडेला मधूनच कोरडे कोंब फुटत. स्टर्न यांनी ते कोंब वेगळे केले. त्यांचं कवच गेलेलं होतं आणि विष तयार करण्याची ताकद कायम होती. कवच नसल्यानं पांढऱ्या पेशी असा जंतू सहज गिळतात. तरी गिळला जाण्याआधी तो जे थोडं विष सोडतो, तेवढ्यावर शरीर शहाणं होतं. ३४एफ२ या नावाचा तो वाण. तुमच्या मेंढ्यांना परवा टोचली ती लस बहुतांश जगात वापरतात त्याच वाणाची, बीजाणू ग्लिसरीनमध्ये आणि सोबत लसीचा जोर वाढवणारं थोडं सॅपोनिन. माझ्या माहितीत इतकी वर्षं एकाच वाणावर जवळजवळ न बदलता चाललेल्या लसी फार थोड्या आहेत. तिच्या उणिवा खऱ्या आहेत: दरवर्षी टोचावी लागते, शेळ्यांना कधी कधी जास्त सूज येते, गाभण जनावरांत जपावं लागतं, आणि अँटिबायोटिकशी तिचं जमत नाही. तरीही स्वस्त, टिकाऊ आणि काम करणारी.

आता माणसांकडे येऊ. इथं एक गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं संशोधन समजतं. फाशीत जीव जातो तो मुख्यतः विषानं. १९५४ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन इथं हॅरी स्मिथ आणि जेम्स केपी यांनी गिनीपिगांवर दाखवलं की रक्तातले जंतू एका मर्यादेपलीकडे वाढल्यावर स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन सगळे जंतू मारले तरी प्राणी मरतोच. रक्तात जंतू नव्हते, विष होतं. मी हा प्रयोग शिकवताना दर वर्षी थांबतो, कारण शेतकरी हेच वेगळ्या शब्दांत सांगतो: “इंजेक्शन दिलं, ताप उतरला, आणि रात्री गेली.”

विष तीन प्रथिनांचं असतं. पहिल्याचं नाव प्रोटेक्टिव्ह अँटिजेन, आम्ही नुसतं पीए म्हणतो. ते एकटं काही बिघडवत नाही. पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतं, तिथं कापलं जातं, आणि असे सात तुकडे गोलाकार जुळून आत जायची वाट तयार करतात. त्या वाटेनं उरलेली दोन प्रथिनं शिरतात. एक पेशीच्या आतले निरोप पोचवणारे दुवे तोडतं, दुसरं पेशीत पाणी-क्षारांचा तोल बिघडवून सूज आणतं. वाट अडवली तर बाकीची दोघं बाहेरच राहतात. म्हणून माणसांच्या लसीवरचं पश्चिमेतलं जवळजवळ सगळं काम या एका पीएभोवती फिरतं. रशियात १९४० च्या दशकापासून एसटीआय नावाची आणि चीनमध्ये ए१६आर नावाची जिवंत, कवच नसलेली लस माणसांना दिली गेली, पण तिथंही रोख तोच.

अमेरिकेतल्या लसीचा कस एका कापड गिरणीत लागला. शेळीच्या आयात केसांवर काम करणाऱ्या कामगारांना हा आजार व्हायचा. १९५५ ते १९५९ या काळात फिलिप ब्राखमन आणि सहकाऱ्यांनी अशा चार गिरण्यांत लसीची चाचणी घेतली. ती चालू असतानाच १९५७ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरातल्या गिरणीत साथ आली: नऊ रुग्ण, त्यात पाच जणांना फुप्फुसाचा आजार, त्यातले चार दगावले. पूर्ण लस घेतलेल्यांपैकी कोणीही त्यात नव्हतं. एकूण चाचणीत लसीचा उपयोग ९२.५ टक्के दिसला. पण हा आकडा त्वचेचे आणि फुप्फुसाचे रुग्ण एकत्र धरून आहे. फुप्फुसाचे रुग्ण इतके थोडे होते की त्यांचा वेगळा हिशेब मांडता येत नाही. याच पद्धतीच्या लसीला १९७० मध्ये परवाना मिळाला. ती मेलेली सुद्धा नाही, तिच्यात जंतूच नसतात. कवच नसलेल्या जंतूंचं गाळलेलं पाणी, त्यातलं पीए ॲल्युमिनियमच्या क्षारावर धरलेलं. म्हणून अँटिबायोटिक चालू असताना ती देता येते. तुमच्या मेंढ्यांच्या आणि माणसांच्या लसीतला सगळ्यात कामाचा फरक हाच.

तो फरक किती मोलाचा, हे पुढं कळलं. २ एप्रिल १९७९ ला सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसं मेली. काही जण एका श्वासानंतर तब्बल सहा आठवड्यांनी आजारी पडले. बीजाणू फुप्फुसात झोपून राहतो. जो वाढतच नाही त्याला अँटिबायोटिक मारू शकत नाही. माकडांवरच्या प्रयोगातही महिनाभर औषध दिलं, थांबवलं, आणि त्यानंतर काही माकडं मेली. म्हणून श्वासातून बीजाणू गेल्याचा संशय असेल तर साठ दिवस औषध देतात. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून पाठवलेल्या बीजाणूंच्या पावडरीनं २२ जण आजारी पडले, ११ जणांना फुप्फुसाचा आजार झाला, पाच मेले. तेव्हा सुमारे दहा हजार लोकांना साठ दिवस गोळ्या घ्यायला सांगितलं. निम्म्याहून कमी लोकांनी त्या पूर्ण घेतल्या. मला यात लोकांचा दोष वाटत नाही. धडधाकट माणसाला दोन महिने रोज गोळी खायला लावणं अवघडच. म्हणून गोळ्या पहिले काही आठवडे राखण करतील आणि तेवढ्यात लसीमुळे प्रतिपिंड, म्हणजे विषाला अडवणारी शरीराची प्रथिनं, तयार होतील, अशी जोड पुढं आली. २०१५ मध्ये जुन्या लसीला या कामासाठी मान्यता मिळाली: दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन डोस.

जुनी लस बदलून नवी, शुद्ध लस आणायचा मोठा प्रयत्न मात्र फसला, आणि तुम्ही संशोधनात जाणार असाल तर तो अपयशाचा भाग नीट वाचा. नुसतं जनुकीय तंत्रानं बनवलेलं शुद्ध पीए भरलं तर लस स्वच्छ, एकसारखी आणि कमी डोसांची होईल, असा विचार होता. २००४ च्या शेवटी अमेरिकेच्या सरकारनं व्हॅक्सजेन कंपनीला साडेसात कोटी डोसांसाठी ८७ कोटी ७५ लाख डॉलरचं कंत्राट दिलं. डिसेंबर २००६ मध्ये ते रद्द झालं. लस टिकत नव्हती. ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसलेलं शुद्ध पीए साठवणीत हळूहळू बदलतं, त्याचा घाट बिघडतो, आणि बिघडलेल्या पीएविरुद्धचे प्रतिपिंड खऱ्या विषाला अडवत नाहीत. जनुक हाती आलं म्हणजे लस हाती आली, असं नसतं. लस वर्षानुवर्षं बाटलीत टिकली पाहिजे. आमच्याकडे तर तीच बाटली उन्हात मोटारसायकलवरून जाते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रा. राकेश भटनागर यांच्या गटानं याच पीएवर अनेक वर्षं काम केलं, आणि पॅनेसिया बायोटेकनं त्यातून निघालेली लस माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेली.

अखेर पुढचं पाऊल जुन्या लसीतूनच पडलं. तिच्यात सीपीजी ७९०९ नावाचे डीएनएचे छोटे तुकडे मिसळले. ते जंतूंच्या डीएनएसारखे दिसतात, त्यामुळे प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते. सायफेन्डस या नावानं तिला जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली: १८ ते ६५ वयाच्या, बीजाणूंशी संबंध आलेल्या माणसांसाठी, अँटिबायोटिकसोबत, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनच डोस. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली माणसांच्या लसीतली ही सगळ्यात खरी प्रगती. दोन डोस आणि तीन डोस यांतला फरक कागदावर लहान दिसतो. साथीत रांगेत उभ्या माणसाला तो मोठा असतो.

तुम्ही विचाराल, माणसांत फुप्फुसाच्या अँथ्रॅक्सची चाचणी घेता येत नाही, मग मान्यता कशी? मुद्दाम कोणाला बीजाणू हुंगवता येत नाहीत, आणि आपोआप आजारी पडणारी माणसं इतकी थोडी की चाचणी उभी राहत नाही. म्हणून २००२ पासून अमेरिकेत असा नियम आहे की ससे आणि माकडांत उपयोग सिद्ध करायचा, माणसांत सुरक्षितता आणि प्रतिपिंडांची पातळी तपासायची, आणि दोन्हींची सांगड घालायची. विष निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांची कोणती पातळी सशाला वाचवते, आणि तेवढी माणसात येते का, हा त्याचा गाभा.

याच वाटेनं विषावरची औषधं आली. रॅक्सिबॅक्युमॅब २०१२ मध्ये, ऑबिल्टॉक्सॅक्सिमॅब २०१६ मध्ये; दोन्ही पीएला चिकटून त्याला पेशीवर बसू देत नाहीत. २०१५ मध्ये मान्यता मिळालेलं अँथ्रासिल हे लस घेतलेल्या माणसांच्या रक्तद्रवातून काढलेले प्रतिपिंड. ही औषधं उशिरा दिली तर, म्हणजे विष पेशीत शिरल्यावर, त्यांचाही हात तोकडा पडतो. आत गेलेल्या विषाला काढणारं औषध आजही हाती नाही. म्हणून गंभीर रुग्णाला जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकसोबत लिनेझोलिड किंवा क्लिंडामायसिनसारखं, प्रथिन बनवणंच थांबवणारं दुसरं औषध देतात, म्हणजे मरता मरता जंतू नवं विष सोडणार नाहीत. छातीत साचलेलं पाणी काढणं हाही उपचाराचा मोठा भाग आहे. त्या पाण्यात विष भरलेलं असतं. रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट फिशेटी यांच्या गटानं २००२ मध्ये जंतुभक्षक विषाणूतलं प्लायजी नावाचं विकर (एन्झाइम) वेगळं केलं, ते फाशीच्या जंतूची भिंत फोडतं. ती कल्पना मला फार आवडते, पण दवाखान्यात ती अजून आलेली नाही.

मग घरच्यांना लस का नाही? कारण तुमच्या घरातला धोका त्वचेतून येतो, तो डोळ्यांना दिसतो आणि साध्या अँटिबायोटिकनं बरा होतो. माणसांची लस प्रयोगशाळेत या जंतूवर काम करणाऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी आहे. धोका येण्याआधी घ्यायची तर दीड वर्षात पाच डोस आणि पुढं वर्धक डोस. तुमच्या वडिलांना ती देऊन जितकं मिळेल, त्यापेक्षा जास्त त्यांच्या प्रत्येक मेंढीला वर्षातून एकदा सुई देऊन मिळतं. माणसाला हा आजार जनावराकडून येतो, माणसाकडून माणसाला सहसा जात नाही. ओडिशातल्या कोरापूट जिल्ह्यात मेलेलं जनावर सोलल्यानं आणि त्याचं मांस खाल्ल्यानं काळपुळीचे रुग्ण वारंवार निघाले आहेत. गरीब घराला मेलेलं जनावर टाकून देणं परवडत नाही. तिथं उपदेशानं भागत नाही, जनावराची लस आणि मेल्यावर भरपाई लागते.

लस थांबवली की काय होतं, तेही पाहिलेलं आहे. सायबेरियातल्या यामालमध्ये रेनडिअरना लस देणं २००७ मध्ये बंद झालं. २०१६ च्या कडक उन्हाळ्यात दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा गेला. त्यानंतर लस पुन्हा सुरू झाली.

माझी स्वतःची आशा जनावरांच्या न-जिवंत लसीवर आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठातले संशोधक पीए आणि मारलेले बीजाणू एकत्र करून शेळ्यांवर प्रयोग करत आहेत, आणि त्यातून संरक्षण मिळताना दिसलं आहे. ती लस बाजारात आली तर मी केलेली चूक चूक राहणार नाही. साथीच्या दिवशी औषध आणि लस एकाच फेरीत देता येईल. टेक्सासमध्ये रानातल्या हरणांसाठी स्टर्नचाच वाण शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून तोंडावाटे देण्याचं काम चालू आहे. सुई न लागणारी लस मेंढपाळालाही हवीच आहे. तुम्हाला पुढं विषय निवडायचा असेल तर माणसांच्या लसीपेक्षा इकडे या, इथं हात कमी आहेत.

आता वाड्याकडे. मेलेल्या मेंढ्या कोणी फाडल्या नसतील तर अर्धं काम झालं आहे. बंद शरीरात कुजताना जंतू मरतात, हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात. पुरण्यापेक्षा पूर्ण जाळणं चांगलं. पुरल्या असतील तर खड्डा किमान सहा फूट हवा. आपल्याकडे वरून चुना टाकायची जुनी पद्धत आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तो न टाकण्याचा आहे, कारण कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदत करू शकतं. आधीच टाकला असेल तर उकरायला जाऊ नका. त्या जागेला काटेरी कुंपण घाला, तिथं चराई नको, आणि पाऊस झाल्यावर पाणी कुठं वाहतं ते बघून ठेवा. लोकर, कातडं काही ठेवलं असेल तर पशुवैद्यकांना सांगून तेही जाळा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार हा नोंद करायचा आजार आहे, तेव्हा तालुक्याला कळवलं आहे ना, ते विचारून घ्या.

पेनिसिलिन दिलेल्या मेंढ्यांना ओळखू येईल अशी खूण करून ठेवा, रंगाची पट्टी चालेल. दोन आठवड्यांनी त्यांना लस द्यायची आहे, आणि कळपात मिसळल्यावर त्या सापडत नाहीत. वडिलांना पुढच्या वर्षीच्या लसीची तारीख पावसाळ्याच्या एक महिना आधीची लिहून द्या, आणि त्या वेळी कळप चराईला कुठल्या गावात असेल तेही तिथंच लिहा, म्हणजे तिथल्या दवाखान्याला आधी सांगता येईल.